पिझ्झा कोण्या गावचा भारी? आधी भट्टी बघा

दर्यापूर असो, अंजनगाव असो की मूर्तिजापूर, संध्याकाळी बसस्टँडकडे चक्कर मारली तर भजी-समोशाच्या गाड्यांच्या रांगेत पिझ्झ्याची एखादी गाडी हमखास दिसते. करायची पद्धत सगळीकडे तीच. बेकरीतून आलेला पाकिटातला बेस, त्यावर लाल सॉस, बारीक चिरलेला कांदा, सिमला मिरची, मक्याचे दाणे आणि वर किसलेलं चीज. तव्यावर ठेवायचं, झाकण घालायचं, चीज पाघळलं की चार तुकडे करायचे आणि ओरेगॅनोची पुडी सोबत द्यायची. माझ्या भाच्याचीही अशीच गाडी आहे. मोबाईलवर जगभरचे पिझ्झे बघून बघून त्यानं एकदा विचारलं, "मामाजी, जगातला एक नंबर पिझ्झा कोण्या गावचा हाय?"

प्रश्न साधा, पण यावरून इटलीत आणि अमेरिकेत लोक हमरीतुमरीवर येतात. नेपल्सवाले रोमवाल्यांना नावं ठेवतात, न्यूयॉर्कवाले शिकागोच्या पिझ्झ्याला पिझ्झाच मानायला तयार नसतात. त्यांचा गावाभिमान जरा बाजूला ठेवला, तर पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच उरतात. भट्टी किती तापते, पीठ कसलं आहे, चीजमध्ये पाणी किती आहे, आणि गिऱ्हाईक तिथंच उभं राहून खातं की घरी घेऊन जातं. त्यातही माझ्या मते भट्टी पहिली. गावोगावचे वेगळे प्रकार कोणी बसून ठरवले नाहीत. ज्या गावात जी भट्टी, जे सरपण आणि जे दूध मिळत होतं, त्यातून ते होत गेले.

भट्टीला एवढा मान का, ते पोळी आणि रोडगा शेजारी ठेवले की लगेच कळतं. पोळी तापल्या तव्यावर मिनिटभरात भाजून निघते. आतलं पाणी उडून जायला वेळच मिळत नाही, म्हणून ती मऊ राहते. रोडगा गोवऱ्यांच्या आरात निवांत भाजत पडतो. त्याच्या बाहेरच्या थरातलं पाणी हळूहळू निघून जातं आणि कडक, खरपूस कवच धरतं. रोडग्याची कणिक थोडी जाडीभरडी असते हे खरं, पण मोठा फरक पडतो तो आच आणि वेळेनं. जास्त आच आणि थोडा वेळ म्हणजे मऊ. कमी आच आणि जास्त वेळ म्हणजे कुरकुरीत. एवढं लक्षात ठेवून आता नेपल्सला जाऊ.

नेपल्स हे इटलीच्या दक्षिणेचं बंदर. पिझ्झा तिथला गरिबांचा, रस्त्यावर उभ्यानं खायचा पदार्थ. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, तो युरोपात पोचला सोळाव्या शतकात, आणि लोकांच्या ताटात सर्रास यायला त्यालाही बराच काळ लागला. म्हणजे आज आपण ज्याला पिझ्झा म्हणतो तो फार पुरातन नाही. १८८९ साली इटलीच्या मार्गेरिता राणीसाठी राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्यानं टोमॅटो, मोझरेला नावाचं चीज आणि बेझिल म्हणजे इटालियन तुळस घालून पिझ्झा केला आणि त्याला राणीचं नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. इतिहासकार त्या गोष्टीकडे संशयानं बघतात, कारण या तीन वस्तू एकत्र घालणारे लोक नेपल्समध्ये त्याआधीही होते.

तिथली भट्टी विटांची, घुमटाची, लाकडावर चालणारी. तापमान ४३० ते ४८५ अंश सेल्सिअसच्या घरात. खालची तापलेली फरशी बुडाला चटका देते आणि घुमट वरून आच फेकतो. त्यात पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. मिनिट-दीड मिनिटाचं काम! कडा फुगतात, त्यांवर काळे ठिपके पडतात, मध्यभाग ओलसर आणि इतका मऊ राहतो की तुकडा उचलला तर टोक खाली लोंबतं. आपल्याकडे कोणी असा पिझ्झा दिला तर गिऱ्हाईक "कच्चा हाय" म्हणून परत करेल. नेपल्समध्ये तोच खरा. १९८४ साली तिथल्या पिझ्झेवाल्यांनी एक संघटना काढून नियमच लिहून ठेवले. एक लिटर पाण्याला साधारण १.६ ते १.८ किलो पीठ, ४० ते ६० ग्रॅम मीठ आणि ताजं यीस्ट अगदी चिमूटभर. साखर नाही, तेल नाही. पीठ लाटायचं नाही, हातानंच पसरवायचं, कारण लाटण्यानं कडेची हवा निघून जाते. २०१७ साली युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांच्या या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

साखर का नाही, तर एवढ्या आचेला साखर लगेच जळून कडू होते. तेल का नाही, तर ९० सेकंदांत मऊपणा आपोआपच राहतो, त्यासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. नियम भट्टीतून आले ते असे.

नेपल्सची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती राणीची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर मोडकळीला आलेलं, लोकांच्या हातात पैसा नाही. तेव्हा तिथल्या बायका घराच्या दारात कढई मांडून पिठाची पारी दुमडून तळलेला पिझ्झा विकायच्या. आज खा आणि आठ दिवसांनी पैसे द्या, असा व्यवहार. उधारीवर चाललेल्या त्या पिझ्झ्याला भट्टीही लागत नव्हती. तळणीच्या तेलाचं तापमान १८० अंशांच्या आसपास असलं तरी तेल पिठाला चारी बाजूंनी भिडतं, म्हणून तो झटपट फुगतो. हा प्रकार नेपल्समध्ये आजही मिळतो.

रोम तिथून दोन-सव्वादोनशे किलोमीटर, पण पिझ्झा दुसराच. तिथला गोल पिझ्झा पातळ लाटलेला, थोडं तेल घातलेला आणि कमी आचेवर जास्त वेळ भाजलेला, त्यामुळे दाताखाली कडकन मोडतो. दुसरा प्रकार लांबलचक लोखंडी ट्रेमध्ये होतो, कात्रीनं कापतात आणि वजनावर विकतात. खाली सिसिलीत तर जाड, स्पंजासारखा पाव, त्यावर कांदा, टोमॅटो, खारवलेली बारीक मासोळी आणि पावाचा चुरा. तिथं चीजही मोझरेला नसतं, जुनं मुरलेलं असतं.

मग इटलीतून पोटासाठी निघालेले लोक अमेरिकेत गेले. १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये लोंबार्डी यांच्या दुकानात पिझ्झा विकायला सुरुवात झाली, आणि अमेरिकेतलं पहिलं पिझ्झा दुकान म्हणून त्याचंच नाव घेतात. तिथं लाकूड महाग आणि कोळसा मुबलक, म्हणून भट्ट्या कोळशाच्या. पुढं गॅसच्या भट्ट्या आल्या. त्या ३०० अंशांच्या आसपासच चालायच्या, पण सांभाळायला सोप्या, आणि त्यांच्यामुळे मोठा पिझ्झा करून ठेवून एकेक तुकडा गरम करून विकणं परवडू लागलं. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध स्लाइस हा असा. आच कमी झाली की रंग धरायला वेळ लागतो, म्हणून पिठात थोडी साखर आली. भाजायला सहा-आठ मिनिटं लागली की पीठ कोरडं पडतं, म्हणून तेल आलं. पाणीदार ताजं मोझरेला इतका वेळ भट्टीत राहिलं तर पिझ्झाभर पाणी सुटतं, म्हणून कमी पाण्याचं, किसता येणारं मोझरेला आलं. एक भट्टी बदलली आणि तिच्यामागं पीठ, चीज, दुकानदारी सगळंच बदललं. न्यूयॉर्कचा माणूस तो तुकडा मधोमध दुमडून, चालता चालता खातो.

जवळच न्यू हेवन नावाचं लहान शहर आहे. तिथं फ्रँक पेपे यांनी १९२५ साली दुकान काढलं, आणि तिथं अजून कोळशाच्या भट्ट्या धगधगतात. पिझ्झा वेडावाकडा, कडा काळपट. शिंपल्यांचं मांस आणि लसूण घातलेला, टोमॅटो नसलेला पांढरा पिझ्झा ही तिथली खासियत. अमेरिकेतले जाणकार खवय्ये बरेचदा या गावाला न्यूयॉर्कच्या वर बसवतात.

शिकागोचा जाड पिझ्झा १९४३ सालचा, पिझेरिया उनो या दुकानातला. खोल भांड्यात पीठ कडांपर्यंत चढवायचं, तळाला चीज आणि सॉस सगळ्यात वर. उलटं का? कारण त्याला भाजायला अर्धा-पाऊण तास लागतो. चीज वर असतं तर तोवर करपून गेलं असतं. सुरीकाट्यानं खायचा हा प्रकार म्हणजे जेवणच. गंमत अशी की खुद्द शिकागोची माणसं रोजच्याला वेगळाच पिझ्झा खातात, पातळ, कडक आणि चौकोनी तुकड्यांत कापलेला.

डेट्रॉइटचा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्या कामाचा तोच आहे. मोटारींचं शहर. कारखान्यांत सुटे भाग ठेवायला निळसर पोलादाचे जाड, चौकोनी ट्रे असायचे. १९४६ साली तिथल्या 'बडीज' नावाच्या ठिकाणी असल्या ट्रेमध्ये पिझ्झा भाजायला सुरुवात झाली. जाड पोलाद उष्णता धरून ठेवतं. ट्रेला भरपूर तेल लावलेलं असतं, त्यामुळे बूड भाजतं कमी आणि तळलं जातं जास्त. चीज अगदी कडेपर्यंत पसरतात. ते ट्रेच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तिथं करपू करपू होत तपकिरी, कुरकुरीत झालर धरतं. सॉस चीजच्या वर, पट्ट्यांसारखा, म्हणजे पीठ ओलं होत नाही. याला २५०-२६० अंश पुरतात. घरगुती ओव्हनची मजलही नेमकी तेवढीच असते.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्समध्ये कांदा आणि चीजनं भरलेला जाडजूड पिझ्झा खातात आणि त्याच्यावर हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली एक जाड पोळी ठेवून दोन्ही एकत्र चावतात. चण्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कल्पना अजून सुचली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. अननसवाला 'हवाईयन' पिझ्झा हवाई बेटांचा नाहीच. कॅनडात राहणाऱ्या सॅम पानोपूलोस या मूळच्या ग्रीक माणसानं तो १९६२ साली केला. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

आता चीजकडे वळू, कारण गाडीवर सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच असते: तार निघत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन आणि त्याला जोडून ठेवणारं कॅल्शियम, या दोघांचा हा खेळ. मोझरेला करताना दूध रेनेट नावाच्या विकरानं गोठवतात, दही ठरावीक आंबटपणाला येऊ देतात आणि मग ते कढत पाण्यात मळून, ओढून ताणतात. त्या ओढण्यात प्रथिनाचे धागे एका दिशेला लागतात. पुन्हा तापवलं की तेच धागे तार होऊन ओढले जातात. पनीर करताना दूध चांगलं तापवून एकदम आंबट घालून फाडतात. त्यात कॅल्शियम निघून जातं, दुधातली दुसरी प्रथिनंही चिकटून बसतात, त्यामुळे पनीर कितीही तापवा, वितळत नाही. प्रोसेस्ड चीजच्या चौकोनी वड्यांमध्ये स्निग्धांश आणि प्रथिन एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात. ते मलईसारखं पाघळतं, पण लांब तार देत नाही. तेव्हा गाडीवर तार हवी असेल तर कमी पाण्याचं मोझरेला घ्यावं आणि चवीला थोडं प्रोसेस्ड मिसळावं.

नेपल्सच्या आसपासचं नामांकित मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. म्हशी आपल्याकडेही आहेत. तलवारीसारख्या लांब शिंगांची नागपुरी म्हैस, जिला एलिचपुरी किंवा वऱ्हाडीही म्हणतात, ती आपल्या अचलपूर पट्ट्याचीच. दूध घट्ट, स्निग्धांश भरपूर. त्या दुधाचा खवा होतो, दही होतं, मोझरेला मात्र कोणी फारसं करत नाही. करायला हरकत काही नाही. फक्त ते ताजं चीज पाणीदार असतं हे विसरू नये. चाळणीत निथळून घेतल्याशिवाय कमी आचेच्या ओव्हनमध्ये ते घातलं तर पिझ्झा पाण्यात बसतो. खुद्द नेपल्समध्येही बरेच जण पिझ्झ्यासाठी गाईच्या दुधाचंच चीज पसंत करतात, ते याच कारणानं.

पाण्याबद्दल न्यूयॉर्कवाल्यांचा मोठा दावा आहे. आमच्या नळाचं पाणी डोंगरातून येतं, मऊ असतं, म्हणून आमच्यासारखा पिझ्झा इतरांना जमत नाही. यात तथ्य आहे, पण थोडंच. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढलं की पिठातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं चिवट जाळं, आणखी घट्ट होतं, आणि अगदी मऊ पाण्यात कणिक जरा चिकट होते. बाकी करामत भट्टीची आणि हाताची. पण हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, कारण आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी इतकं खारं लागतं की त्या पाण्यात मळलेल्या पिठात मापाचं मीठ घातलं तर पिझ्झा खारट होणारच. शिवाय जास्त मिठानं यीस्ट दबतं. पीठ फुगलं नाही की दोष यीस्टच्या पुडीला दिला जातो. सरळ कॅनचं पाणी वापरावं, नाहीतर मीठ हात राखून घालावं.

त्याहून मोठा शत्रू आपला उन्हाळा. पिठाची चव मुरण्यातून येते. यीस्ट सावकाश काम करतं तेव्हा पिठात आंबूस, गोडसर वास तयार होतात, म्हणून नेपल्सवाले थोडं यीस्ट घालून पीठ ८ ते २४ तास ठेवतात आणि न्यूयॉर्कवाले फ्रिजमध्ये एक-दोन दिवस. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की आपल्याकडे तेच पीठ दोन तासांत पातेल्याबाहेर येतं आणि मग बसतं. आतलं जाळं सैल पडलेलं असतं, चव मात्र आलेली नसते. अशा दिवसांत यीस्ट निम्म्याहून कमी करायचं, पीठ बर्फाच्या पाण्यात मळायचं आणि रात्री मुरवायचं. फ्रिज असेल तर उत्तम, पण लाइन गेली की दर वेळी दार उघडून बघत बसू नका, आतला गारवा तेवढाच जातो. जानेवारीत उलट. पीठ उबेला, चुलीच्या बाजूला ठेवावं लागतं.

मैद्याबद्दल एक गैरसमज आहे. इटलीच्या 'डबल झिरो' पिठाचं नाव ऐकून लोक महागाची पाकिटं मागवतात. ते दोन शून्य पिठाच्या शुभ्रपणाचे आणि पीठ किती चाळून कोंडा काढला त्याचे आहेत, ताकदीचे नाहीत. आपला बाजारातला बरा मैदा जाड पिझ्झ्याला चालून जातो. चक्कीच्या कणकेचा करायचा असेल तर पाणी जास्त लागतं, कारण जात्याच्या दाबानं स्टार्च थोडं मोडतं आणि ते जास्त पाणी पितं. शिवाय कोंडा जाळं तोडतो, त्यामुळे फुगवटा कमी येतो. अर्धी कणिक, अर्धा मैदा ही तडजोड मला पटते.

मग एक नंबर कोण? मी तर नेपल्सला गेलेलो नाही, पण कारणं बघितली तर तिथल्या तिथं, भट्टीसमोर उभं राहून खायचा असेल तर नेपल्सच. कमीत कमी वस्तू, लपवायला काहीच नाही, आणि साध्यातल्या साध्या दुकानातही हात बसलेला माणूस. पण त्या पिझ्झ्याचं आयुष्य दहा मिनिटांचं. खोक्यात घातला की वाफेनं त्याचा लगदा होतो. भाच्याचं दुखणं तेच आहे. "पार्सल नेलं का नरम पडते, मंग गिऱ्हाईक बोंबलते," असं तो म्हणतो. त्याचं निम्मं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं. पिझ्झा मोटरसायकलच्या हँडलला लटकून सात-आठ किलोमीटर जातो. अशा धंद्याला नेपल्स कामाचं नाही. इथं माझं मत डेट्रॉइटला, आणि त्याच्या मागोमाग रोमच्या ट्रेवाल्या पिझ्झ्याला. तळलेलं बूड वाफेला लवकर दाद देत नाही, आणि गार झाला तरी तव्यावर दोन मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतो.

ढाब्याचा तंदूर वापरावा असं भाच्याच्या डोक्यात होतं, कारण तो नेपल्सइतका तापतो. तापतो खरा, पण आच मिळते ती उभ्या भिंतीला, आणि वर टोमॅटो-चीज घातलेला पिझ्झा भिंतीला चिकटवला तर सगळा माल निखाऱ्यात.

त्यापेक्षा लोहाराकडून जाड पत्र्याचा, दोन इंच उंच काठाचा चौकोनी ट्रे करून घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, साधा काळा. तेल लावून दोन-चारदा तापवला की चिकटत नाही. साधारण ९ इंच बाय १३ इंचाच्या ट्रेला ४०० ग्रॅम मैदा, २८० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ आणि कोरडं यीस्ट हिवाळ्यात २ ग्रॅम, उन्हाळ्यात अर्धा ग्रॅम. कणिक सैल आणि चिकट वाटते, तशीच राहू द्यायची, वरून मैदा भुरभुरवत बसायचं नाही. रात्रभर मुरल्यावर तेल घातलेल्या ट्रेमध्ये बोटांनी पसरवायची. मागं सरकली तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पसरवायची, मग ऐकते. तासाभरात ती फुगली की चीज काठापर्यंत, कांदा-मिरची, वर शिजवून आटवलेल्या टोमॅटोच्या पट्ट्या. गावरान टोमॅटो चवीला आंबट आणि छान, पण पाणी फार, म्हणून आटवणं सोडू नका. ओव्हन अर्धा तास आधी पूर्ण तापवायचा, ट्रे सगळ्यात खालच्या खणात, १२ ते १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर लगेच ट्रेमधून उचलून जाळीवर ठेवायचा, म्हणजे खालून वारं लागतं.

ओव्हन नसेल तर पाकिटातला बेस सोडून तव्यावर कच्चीच पोळी टाका. बेस आधीच भाजून वाळलेला असतो, दुसऱ्यांदा तापला की चामडं होतो. कच्ची पोळी एका बाजूनं भाजून उलटायची, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज, आच मंद आणि झाकण. पार्सलच्या खोक्याला मात्र दोन भोकं पाडायला भाच्याला सांगितलं आहे, आणि तो अजूनही चीज वाफेवर राहावं म्हणून ती चिकटपट्टीनं बुजवतो.